शिफ्टवरची करंगळी

"बेल होईपर्यंत एकही कळ दाबायची नाही," काळमेघ सर म्हणाले. "बोटं जागेवर ठेवा, उतारा डोळ्यांनी वाचा. बेल झाली की सुरू. मधे कुणाला काही झालं तर हात वर करायचा, आवाज नाही."

शेजारच्या पोरी हसल्या. मी हसले नाही. यवतमाळच्या त्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी टायपिंगच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसले होते, आणि हात वर केल्यावर काय होतं ते मला दोनदा कळलं होतं.

उताऱ्याचा कागद स्टँडला लावलेला होता. उतारा म्हणींवर होता. 'म्हणी हे घराघरांतलं बिनपुस्तकी शहाणपण आहे', अशी काहीतरी सुरुवात. परीक्षेच्या उताऱ्यांत असलंच असतं. स्वच्छतेचे फायदे, नाहीतर वृक्षांचं महत्त्व. माझ्या मनात आलं, ह्यात 'दैव देतं नि कर्म नेतं' नसलं म्हणजे मिळवलं. ते काही माझ्या बोटांनी उमटलं नसतं.

मी बोटं ठेवली. मधल्या ओळीवर सात, आणि उजव्या हाताची करंगळी शिफ्टवर. नुसती ठेवलेली नाही, पुरती दाबून. शिफ्टनं कागदावर काही उमटत नाही, तेव्हा ती दाबली तरी कळ दाबली असं होत नाही, हे आम्हा जुन्या मशीनवर शिकलेल्यांचं गणित. मराठीतली अर्धी अक्षरं शिफ्टमध्ये असतात, आणि जुन्या मशीनवर शिफ्ट दाबली की लोखंडाची अख्खी कॅरेज, कागद धरणारी गाडी, वर उचलावी लागते. करंगळीला घाम फुटतो. "गाडी आधीच उचलून धरायची," आमचे हे शिकवायचे. "पहिलंच अक्षर शिफ्टचं निघालं तर आपण एक पाऊल पुढं. नाही निघालं तर दिली सोडून. उचलायला वेळ लागतो, सोडायला काय लागतं?" आणि डोळे कायम कागदावर. हाताकडे बघून टाईप करणारा आणि पायाकडे बघून चालणारा, दोघांनाही गाव उशिराच लागतं, असं ह्यांचं म्हणणं.

हे म्हणजे दिवाकर गावंडे, पाटबंधारे खात्यात लिपिक-टंकलेखक. कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा जुनी मशीनं लिलावात निघाली. भंगारवाल्याच्या वर बोली लावून त्यातलं एक ह्यांनी घरी आणलं. संध्याकाळी मला समोर बसवून शिकवत. कशाला म्हणून विचारलं तर म्हणत, "विद्या आहे, खायला थोडीच मागते?" एका संध्याकाळी कचेरीतून येताना ह्यांची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ह्यांच्या जागी अनुकंपेवर मला नोकरी लागली. आदेशात अट होती की दोन वर्षांच्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर सेवा समाप्त. त्या मुदतीत बसणारी ही शेवटची परीक्षा होती. घरी सासू आणि आठवीतली प्राची. नोकरी गेल्यावर आम्ही तिघींनी काय करायचं, ते आदेशात लिहिलेलं नव्हतं.

बेल झाली.

मी 'म्हणी' मारलं, स्पेस दिली आणि सुटले. लॅबभर चणे फुटल्यासारखा आवाज सुरू झाला. हात मोकळा होता, एक अक्षर अडलं नाही. आज होतंय, असं वाटलं. ह्यांची शिस्त मोडून, दोन ओळी झाल्यावर मी नजर वर केली.

पडदा कोरा होता. एक अक्षर नव्हतं.

मी पुन्हा दोन शब्द मारले, आता पडद्याकडे बघत. कळा खाली जात होत्या, वर येत होत्या, आणि पडद्यावर काही पोचत नव्हतं. परत तेच. तिसऱ्यांदा तेच.

पहिल्या खेपेला असं झालं तेव्हा मी हात वर केला होता. तेव्हाच्या बाईंनी टेक्निशियनला बोलावलं. त्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला, भराभर क ख ग मारून दाखवलं आणि म्हणाला, "चांगला तर चालतोय. मॅडम घाबरल्या." तोवर वेळ संपली. दुसऱ्या खेपेला मी आधीच दुसरा कॉम्प्युटर मागून घेतला. बेल झाल्याबरोबर त्यानंही मान टाकली, आणि बंद-चालू केल्यावर तोही ठणठणीत बरा. मग मात्र सगळ्यांचं एकमत झालं, की बिघाड बाईंत आहे.

टायपिंगच्या संस्थेचे आंबटकर सर म्हणाले, "क्लासमध्ये तुमचा हात मिनिटाला चाळीस शब्दांच्या पुढं पळतो. पास व्हायला तीस पुरेत. तिथं गेल्यावर काय लकवा भरतो का? मन घट्ट करा." मन घट्ट करायचं औषध त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून त्यांनी पुन्हा तेच उतारे मारायला दिले.

सासूबाईंचं म्हणणं ह्याहून सरळ होतं. ह्यांचं मशीन पुढच्या खोलीत टेबलावर ठेवलेलं होतं, वर त्यांनीच शिवलेलं फुलाफुलांचं झाकण. खंडेनवमीला इतर घरांत विळ्याकोयत्याची पूजा होते, आमच्याकडे त्या मशीनची. दुसऱ्यांदा नापास होऊन आले तेव्हा त्या पदरानं मशीन पुसत होत्या.

"माह्या दिवाकरनं जीव लावून शिकोलं तुले," त्या मान वर न करता म्हणाल्या. "साऱ्या कचेरीत त्याचा हात एक नंबर होता. तुह्याच हाताले यश नाही, त्याले कोन काय करीन?"

"कॉम्प्युटर बंद पडला, आई."

"दोन्ही खेपी?"

रागानं मी स्वयंपाकघरात गेले आणि भाकरीच्या पिठाला असं बुकललं की प्राची उठून अंगणात जाऊन बसली. राग सासूबाईंचा नव्हताच. मलाही आतून तेच वाटायला लागलं होतं. ह्यांच्या खुर्चीवर बसले आणि ती खुर्ची माझ्यानं सांभाळली जाईना.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या कचेरीतल्या शबनमच्या शेजारी डबा घेऊन बसले. ती कंत्राटावरची ऑपरेटर, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, आणि कचेरीत माझ्याशी कीव न करता बोलणारी एकटीच.

"शबनम, कॉम्प्युटरचं पोट कुठून उघडतात?"

"मागून. स्क्रू काढून."

"तसं नाही. आतलं. सेटिंग."

"ताई, तुमच्या संस्थेत काय शिकवतात मग?"

"संस्थेत दर कॉम्प्युटरवर चिठ्ठी आहे, सेटिंगला हात लावू नये."

ती हसली, हात पुसले आणि मला कंट्रोल पॅनल दाखवलं. स्टार्टचा मेनू उघडायचा, उजव्या बाजूला ते नाव असतं. नाही दिसलं तर खालच्या चौकटीत नाव टाईप करून शोधायचं. माऊस रुसला तर नुसत्या कळांनी कसं जायचं तेही तिनं दाखवलं. आत गेले, तर गावच्या बाजारासारख्या ओळीच्या ओळी. तारीख-वेळ, आवाज, प्रिंटर, माऊस, कोण कोण हा कॉम्प्युटर वापरतं त्यांची नावं. कीबोर्डच्या खिडकीत मी मोठ्या आशेनं शिरले, तर तिथं नुसता कळांचा वेग कमी-जास्त करायची सोय. एका कोपऱ्यात 'ईझ ऑफ ॲक्सेस' असं काहीतरी होतं.

"ते सोडा," शबनम म्हणाली. "ज्यांना कमी दिसतं, ज्यांचे हात थरथरतात, त्यांच्यासाठी आहे ते. आपल्या कामाचं नाही."

"मग माझ्याच कामाचं दिसतंय," मी म्हटलं आणि तिथंही शिरले. तिथं कीबोर्डसाठी वेगळं पान होतं. चार-पाच चौकोनी घरं, प्रत्येकापुढं इंग्रजीत नाव, सगळी रिकामी. शब्दकोश घेऊन मी ती नावं लावली, पण अर्थ लागूनही उमज पडली नाही.

कित्येक दिवस माझी दुपारची सुट्टी अशीच गेली. शेवटी शबनमला राहवलं नाही. "ताई, बीमारी काय ते माहीत नाही, अन् दवाई कशाची शोधून राहिल्या?"

"दवाखाना तरी पाहून ठेवते," मी म्हटलं. "ऐन वेळी पत्ता विचारत फिरायला नको."

आता मी वरिष्ठ लिपिक आहे. माझ्या टेबलावर दुसरा कॉम्प्युटर आहे आणि त्यात त्या जागांची नावं-गावं सगळी बदलली आहेत. पण जुन्या कंट्रोल पॅनलचा रस्ता मला आजही अंधारात पाठ आहे.

तर त्या दिवशी, कोऱ्या पडद्यासमोर, माझा हात वर जायला निघाला होता. मी तो खाली घेतला. हात वर केला की टेक्निशियन, बंद-चालू, क ख ग, आणि घर. मी स्टार्टचा मेनू उघडणारी विंडोजची कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. काही नाही. तेव्हा माझं डोकं फिरलं. भांडखोर माणसाचा कान धरावा तशी मी ती कळ धरली आणि सोडलीच नाही. मनात म्हटलं, बघते तू काय करतेस. मग दमून सोडली, आणि परीक्षेच्या पांढऱ्या पानावर खालून स्टार्टचा मेनू उगवला.

म्हणजे कीबोर्ड मेला नव्हता. त्याला घाई चालत नव्हती एवढंच.

मी माऊस धरला. कंट्रोल पॅनल. आत, शबनमच्या भाषेत आपल्या कामाचं नसलेलं दुकान. त्यात कीबोर्डचं पान.

"सर," शेजारची पोरगी ओरडली, "ह्या काकूंनी काहीतरी उघडलंय!"

काळमेघ सर आलेच. उंच, सडपातळ, शाळामास्तरी चष्मा, आणि खिशाला लावलेला परीक्षेचा बिल्ला.

"बाई, हे काय आहे? परीक्षा चालू असताना दुसरी खिडकी उघडायची नाही, हे सकाळी वाचून दाखवलं होतं. हे कॉपीत धरतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग माऊस सोडा."

"सोडते सर. तुम्ही माझं नाव लिहून घ्या, काय लिहायचं ते लिहा. पण आधी इथं बघा. ह्या पानावरची सगळी घरं रिकामी असतात. मी आमच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर रोज बघितलीत. इथं एका घरात खूण आहे. ती मी केलेली नाही."

"मग कोणी केली? मी?"

"मला तेच बघायचंय," मी म्हटलं. "सर, दोनदा मला 'घाबरल्या' म्हणून घरी पाठवलंय. मी घाबरत नाही. माझा नवरा गेला तेव्हा मी कागदपत्रं घेऊन एकटी चार कचेऱ्या फिरले आहे. आज नापास झाले तर नोकरी जाते. मला एवढं बघू द्या, मग हाकलून द्या."

सगळी लॅब टाईप करत होती आणि कान आमच्याकडे होते. काळमेघ सरांनी घड्याळ बघितलं, पडदा बघितला. बोलण्याच्या नादात माझा माऊस खुणेवर न बसता तिच्या खालच्या निळ्या ओळीवर दाबला गेला होता आणि एक नवीन पान उघडलं होतं, जे मी कचेरीत कधी उघडलं नव्हतं.

"द्या इकडे," ते म्हणाले. माऊस त्यांनी माझ्या हातातून घेतला, वाकले आणि चष्मा कपाळावर चढवून वाचू लागले. आधी इंग्रजीत पुटपुटले, मग मराठीत, स्वतःलाच समजावल्यासारखे.

"हे थरथरत्या हातांसाठी आहे. कळ चुकून लागली तर घ्यायची नाही, मुद्दाम दाबून धरली तरच घ्यायची. म्हणून तुमचं काही उमटेना. आणि हे चालू कसं होतं... उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की. आधी चौकट दाखवून विचारतं, चालू करू का म्हणून. तुम्ही चौकट बघितली नाही?"

"डोळे कागदावर होते."

"आणि हात चालू होते. स्पेस दिली की त्याला वाटतं, हो म्हणाल्या." ते सरळ झाले. "पण उजवी शिफ्ट इतका वेळ कोण दाबून बसतं?"

ते माझ्या हातांकडे बघत होते, म्हणून मीही बघितलं. माऊस सुटल्यावर माझा उजवा हात आपल्या आपण जागेवर परत गेला होता. तीन बोटं मधल्या ओळीवर. करंगळी शिफ्टवर, पुरती दाबून, वाट बघत.

क्लासमध्ये वाट बघावी लागत नव्हती. मनाला येईल तेव्हा सुरुवात करायची. घरी मशीनवरही तसंच. वाट बघायची ती इथंच, बेल होईपर्यंत. तीनही वेळा मी इथं गाडी उचलून धरून बसले होते, शहाण्या विद्यार्थिनीसारखी.

"बोट उचला," काळमेघ सर म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"ह्यांनी."

"कोणी?"

"मिस्टरांनी. घरी मशीन आहे, त्याच्यावर."

"चुकीचं शिकवलं."

"नाही सर," मी म्हटलं. मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या पोरीचे हात थांबले. "मशीनवर ते बरोबर होतं."

सरांनी वाद घातला नाही. पानावरच्या सगळ्यांत वरच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "एवढी काढा. बाकी एकही खूण हलवायची नाही, कॉम्प्युटर कॉलेजचा आहे. गेलेला वेळ परत मिळणार नाही. बिघाड असता तर पुन्हा बसवता आलं असतं. हा बिघाड नाही."

"उरलेला द्या."

"तो तुमचाच आहे," ते म्हणाले आणि माझ्या मागं उभे राहिले.

मी खूण काढली, खिडकी बंद केली, आणि 'म्हणी'पासून पुन्हा सुरुवात केली. पहिलं अक्षर पडद्यावर पडलेलं मी बघितलं. मग डोळे कागदावर.

पास व्हायला तीसचा वेग लागतो. उरलेल्या वेळात अख्खा उतारा बसवायचा तर तो पुरणार नव्हता, आणि मला त्याहून जास्त येत होता, कारण संध्याकाळी भाजी चुलीवर असताना शेजारी बसून कोणीतरी टेबलावर बोटानं ठेका धरत म्हणायचं, "अजून थोडं, कुंदा. अजून थोडं." बोटं पळत होती. फक्त करंगळी. दर ओळीला ती खाली जायला बघायची, आपल्या जागी जाऊन बसायला बघायची, आणि मी तिला वर धरून ठेवत होते. शिफ्ट लागली की टेकवायची, लगेच वर. तापल्या तव्याला लागल्यासारखी. अख्खा हात आखडला. खांद्यावरचा कोणाचा तरी हात आपणच काढून बाजूला ठेवावा, तसं मला वाटत होतं, आणि मी रडत होते, आणि रडण्यासाठी थांबायला वेळ नव्हता.

बेल झाली तेव्हा शेवटचं वाक्य पुरं झालं होतं की नाही ते मला आता खरंच आठवत नाही.

सगळे उठले. काळमेघ सर टेबलाशी बसून लिहीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मी लिहिलंय," ते म्हणाले, "परीक्षार्थींनी परीक्षा चालू असताना सेटिंग उघडली. कीबोर्ड चालत नव्हता म्हणून. माझ्या देखत. दुसरं काही उघडलं नाही. हे एवढंच घडलं. वरचे लोक ह्याचा काय अर्थ लावतील, ते मी सांगू शकत नाही."

"हो सर."

"बाई," मी दाराशी पोचले तेव्हा ते म्हणाले, "ते शिफ्टचं. ते मशीनवर बरोबरच आहे."

बाहेर कडुलिंबाखाली सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मी येतो संगं," म्हणून त्या सकाळी हट्टानं एसटीत चढल्या होत्या. मला बघून उठल्या.

"काय वं, झालं?"

"झालं. कॉम्प्युटर चालला."

"मंग मागच्या दोन खेपी काहून नाही चालला?"

ओठांवर आलं होतं. तुमच्या लेकानं शिकवलं त्यानंच मला दोनदा पाडलं, एवढं एक वाक्य. दोन वर्षं ऐकलेल्या सगळ्या बोलण्याचं त्यात उट्टं निघालं असतं. त्यांच्या हातात माझ्यासाठी ठेवलेली पाण्याची बाटली होती, उन्हानं कोमट झालेली.

"घरी गेल्यावर सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. निकाल लागेपर्यंतचे दिवस वाईट गेले. पास-नापासाची भीती निराळी आणि कॉपीचा शिक्का बसून नोकरी जाण्याची निराळी. मी दोन्ही आलटून पालटून भोगत होते. रात्री प्राचीच्या अंगावर पांघरूण घालताना बघायचे, तर माझी करंगळी आपोआप वर उचललेली असायची.

निकाल शबनमनं बघितला. कचेरीत, सगळ्यांसमोर, ती खुर्चीवरून उडालीच. "ताई, पास! पास, ताई!" मी तिच्या गळ्यात पडले आणि साहेबांच्या दारासमोर ओक्साबोक्शी रडले. साहेबांनी दार हळूच लोटून घेतलं.

घरी पेढे घेऊन गेले. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि ओळखलं. हातातलं निवडायचं सूप बाजूला ठेवलं, पुढच्या खोलीत गेल्या, फुलाफुलांचं झाकण काढलं, मशीनला कुंकू लावलं आणि त्याच्यापुढं पेढा ठेवला. मग तिथंच टेबलाला धरून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"म्हनलं नव्हतं?" त्या वळून म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले असूनही चेहरा असा फुलला होता की मी तो तसा लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते. "माह्या दिवाकरनं शिकोलं होतं. ते कसं वाया जाईन, सांग बरं? त्यानं शिकोलं म्हनून तू पास झाली. हाय का नाही?"

पाण्याची ती कोमट बाटली मला आठवली. उट्टं काढायचं वाक्य अजून तसंच तोंडात होतं. आणि 'अजून थोडं, कुंदा'ही होतं.

"हो आई," मी म्हटलं. "त्यांच्यामुळंच."

"मंग मारून दाखव मले. तो मारे तसं."

"आत्ता?"

"आत्ताच."

प्राचीनं वहीतला कागद फाडून आणला. मी तो रोलरमध्ये घातला, खुर्ची ओढली, बोटं ठेवली. डाव्या हाताची चार, उजव्या हाताची तीन. करंगळी वरच होती. मग मी ती खाली आणली, शिफ्टवर ठेवली आणि दाबली. लोखंडाची कॅरेज जड अंगानं वर उचलली गेली, आणि मी ती धरून ठेवली. इथं कुठली चौकट येणार नव्हती. इथं कितीही वेळ धरली तरी चालत होतं. मशीनला तेलाचा आणि ह्यांच्या तंबाखूचा वास होता.

"मार नं वं," सासूबाई म्हणाल्या. "काहून थांबली?"

"मारते, आई."

पण करंगळी उचलली जाईना. ती दुखायला लागली, थरथरायला लागली, तरी मी कॅरेज धरूनच बसले होते. सोडायला काय लागतं, असं हे म्हणायचे. काळमेघ सरांना मी भर परीक्षेत नाही म्हटलं होतं खरं, पण एवढं एक ह्यांनी मला चुकीचं शिकवलं होतं.